एकशे सात नावांचं पाम्प्लेट

आमच्या हळदटोल्याच्या नाटकाच्या पाम्प्लेटवर तारीख नव्हती, ही गोष्ट खरी आहे. ती माझ्यामुळे राहून गेली असं चौदा गावं म्हणतात, ही गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी मी आजवर कोणाला सांगितली नव्हती, कारण ती मलाच फार उशिरा कळली. आता सांगायला हरकत नाही. ज्यांना राग यायचा होता त्यांना येऊन गेला, आणि लटारूभाऊ तर परवा माझ्याशी बोललेसुद्धा.

मी राजदीप गुणवंतराव दोनाडकर. वय एकतीस, शिक्षण डिप्लोमा. चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर काम करतो, पण वीजकेंद्राचा माणूस म्हणून नाही, कंत्राटदाराचा माणूस म्हणून. हेल्मेट तेच, बूट तेच, खोकलाही तोच. फक्त गेटपासचा रंग वेगळा. या रंगापायी माझी अकरा स्थळं गेली. मुलीकडचे येतात, पोहे खातात, आमच्या धानाची चौकशी करतात आणि मग कोणीतरी मामा किंवा आतेभाऊ हळूच विचारतो, "पर्मनंट आहे का?" मी नाही म्हटलं की सगळ्यांना एकदम बसची वेळ आठवते. अकराव्या स्थळाने तर पोहे संपायच्या आत विचारलं. आईने त्यांच्या पुढच्या बशा परत उचलल्या नाहीत, एवढाच काय तो आमच्या घराण्याचा मोठेपणा.

तर डिसेंबरात बाबांचा फोन आला. आवाजात हुशारी होती.

"राजू, या खेपेले काम जमते असं वाटून राह्यलं. नागभीडचे खुशालराव. हेडमास्तर होते, आता रिटायर. पोरगी उर्वशी, बी.एड. झाली आहे. आन माणूस पर्मनंट-बिर्मनंट काई इचारत नाई."

"मंग काय इचारते?"

"काईच नाई इचारत. तो पाम्प्लेट पाह्यते."

हे बाहेरच्या लोकांना समजावून सांगावं लागतं. आमच्या या झाडीपट्टीच्या भागात धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात. कंपन्या वडशाच्या, नाटक रात्रभराचं, आणि ज्या गावात नाटक असेल तिथे घरोघरी वीस-पंचवीस पाहुणे. पाहुणे नाटकाला आलो म्हणतात आणि खरं पाहता एकमेकांची पोरं-पोरी बघून जातात. निम्म्या तालुक्याची लग्नं अशीच जमली आहेत. आता नाटक म्हटलं की त्याचं पाम्प्लेट आलं. वरती नाटकाचं नाव, कलावंतांचे फोटो, आणि खाली गावातल्या मानकऱ्यांची यादी. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, रंगपूजन, दीपप्रज्वलन, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी. कोणाचं नाव कितव्या ओळीत, यावरून त्या घराचं वजन ठरतं. खुशालरावांनी म्हणे तीस वर्षांची पाम्प्लेटं फायलीत लावून ठेवली होती. थोरल्या मुलीचं लग्न त्यांनी एका दीपप्रज्वलनाशी लावून दिलं होतं आणि ती सुखात होती.

"एकोणीस जानेवारीले आपलं नाटक आहे," बाबा म्हणाले. "खुशालराव पोरीले घेऊन येणार. त्याच्या आधी पाम्प्लेट त्यायच्या हातात पडलं पायजे, आन तुहं नाव वरतं पायजे. बस."

म्हणजे माझी बारावी आणि बहुधा शेवटची संधी एका गुलाबी कागदावर आली होती.

मी रविवारी गावी गेलो आणि नाट्यमंडळाच्या बैठकीत स्वतःहून सचिव झालो. कोणी विरोध केला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मंडळाचे अध्यक्ष लटारूभाऊ. चाळीस वर्षं ते अध्यक्ष आहेत आणि चाळीस वर्षांत त्यांनी एकही नाटक बसून पाहिलेलं नाही, कारण ते कायम गेटवर उभे राहून कोण आलं नि कोण आलं नाही ते बघतात.

"सचिवाचं काम काय असते, भाऊ?" मी विचारलं.

"काई नाई. परवानग्या आणाच्या आन पाम्प्लेट कराचं."

"आन सचिवाचं नाव कुठी येते?"

"सचिवाचं नाव नाई येत. तो पाम्प्लेट करते ना." मग माझं तोंड पाहून त्यांना दया आली असावी. "तुले सहउद्घाटक ठेवतो. दुसऱ्या नंबरवर. जा, वडशाले जाऊन छापून आन."

सहउद्घाटक. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईचं नाव भागीरथा, आणि ती सहसा कशाने हुरळून जात नाही. पण त्या दिवशी तिने शेजारच्या रुखमाबाईंना हाक मारून सांगितलं. ही पहिली चूक झाली, आणि ती माझी नव्हती.

वडशाला स्टेशनरोडवर नाटक कंपन्यांच्या पाट्यांच्या गर्दीत एक छापखाना आहे. शेठ गल्ल्यावर बसून पेपर वाचतात आणि आत कॉम्प्युटरवर एक मुलगी बसते. सीझनमध्ये ती पोरगी मान वर करत नाही. मी यादी पुढे ठेवली. तिने माझा फोन नंबर वहीत लिहून घेतला आणि यादी वरून खाली एकदा पाहिली.

"पानावर चोपन्न ओळी बसते," ती म्हणाली. "त्याच्यावर गेले तं शेवटच्या माणसाले भिंग लागन."

"आमचे कमीच आहेत."

"पहिल्या खेपेले सगळ्यायचे कमीच रायते."

ती भराभर टाईप करत गेली. नाटकाचं नाव, "अंगणात उभी परकी लेक". तारीख, वेळ, स्थळ. मग मानकरी, प्रत्येकाच्या पुढे त्याचा हुद्दा. लटारूभाऊंनी हुद्दे स्वतः लिहून दिले होते. गावात ज्याच्याकडे ट्रॅक्टर तो प्रगतशील शेतकरी, ज्याच्याकडे मोटारसायकल तो युवा नेता, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो समाजसेवक. माझ्या नावापुढे त्यांनी 'इंजिनिअर' लिहिलं होतं. तिथे तिची बोटं थांबली.

"राजदीप म्हणजे तुमीच ना? इंजिनिअर आहे का तुमी?"

मला खोटं बोलता आलं असतं. एरवी मी बोलतोही. पण ती सरळ पाहत होती.

"नाई. कंत्राटी आहो."

"मंग कंत्राटी टाकू?"

"काईच नका टाकू. नुस्तं नाव राहू द्या."

तिने नुसतं नाव ठेवलं. एवढ्या प्रगतशील आणि प्रतिष्ठित लोकांमध्ये ते अंघोळ करून उघड्या अंगाने बाहेर आल्यासारखं दिसत होतं, पण होतं वरच्या बाजूला.

कच्चा कागद घेऊन मी गावात आलो, आणि इथून पुढे माझ्या आयुष्याची उतरण सुरू झाली.

सकाळी सात वाजता रुखमाबाई दारात. त्या बचतगटाच्या अध्यक्ष. "राजू बाबू, पाम्प्लेट पाह्यलं. लय चांगलं झालं. फक्त आमच्या गटाचं नाव दिसून नाई राह्यलं."

"टाकतो ना, बाई. 'समस्त महिला बचतगट' असं टाकतो."

"समस्त कोण असते, बाप्पा? समस्त हे कोणाच्या बायकोचं नाव आहे का? आमी अकरा जणी आहो. अकराचे अकरा टाक. नाई तं नाटकाच्या कलाकारायचा सैपाक समस्तलेच सांग कराले."

अकरा नावं घातली. दुपारी तलावाच्या मच्छीमार सोसायटीचे झिंगूभाऊ आले. ते ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. झिंगूभाऊ बोलत नाहीत तेव्हा समजावं की मागणी मोठी आहे. नाटकाचा मंडप दर वर्षी तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या मैदानात पडतो, आणि तलाव सोसायटीकडे आहे.

"उद्घाटक कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"सरपंच."

"मंग मी त्याच्या वरतं पायजे."

"उद्घाटकाच्या वरतं काईच नसते, भाऊ. तिथूनच चालू होते."

"पाणी कोनाचं आहे?"

मी यादी पुन्हा पुढे ओढली. दोन तास डोकं खाजवून मी 'जलपूजन' नावाचा एक नवीनच मान काढला आणि तो उद्घाटनाच्या वर ठेवला. झाडीपट्टीत असा मान याआधी कुठे नव्हता. झिंगूभाऊ खूश झाले. सरपंच नाराज झाले, म्हणून त्यांच्या जावयाला सहउद्घाटक केलं. सहउद्घाटक दोनच बसतात, म्हणून मी प्रमुख अतिथीत उतरलो. प्रमुख अतिथी हीही काही लहान गोष्ट नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. उतरताना माणूस बरंच काही समजावून घेतो.

मध्येच परवानग्यांचं काम होतं. ठाण्यात अर्ज घेऊन गेलो तर तिथल्या जमादारसाहेबांनी विचारलं, "पाम्प्लेट कुठी आहे? अर्जाले पाम्प्लेट जोडा." मी म्हटलं, परवानगी मिळाली की छापतो. ते म्हणाले, "पाम्प्लेट पाह्यल्याशिवाय परवानगी कशी द्याची? आन परवानगीशिवाय पाम्प्लेट छापलं तं तुमच्यावर केस होते." मी तिथल्या बाकावर बसून या दोन वाक्यांमधून जाण्याइतकी फट आहे का ते पाहत राहिलो. शेवटी कच्चा कागद जोडला. तो त्यांनी फार मन लावून वाचला. जलपूजनावर थांबून मान डोलावली. मग सांगितलं, "मद्यपान करून येणाऱ्यास प्रवेश नाही, हे छापा. मोठ्या अक्षरात." झाली एक ओळ.

वनविभागाच्या ऑफिसातले साहेब तर फार सज्जन निघाले. चहा पाजला. मागच्याच आठवड्यात पाळीवर पट्टेदाराचे पंजे दिसले होते, त्यामुळे त्यांची काळजी खरी होती. "प्रेक्षकांनी घोळक्याने यावे, घोळक्याने जावे, सोबत टॉर्च बाळगावा, लहान मुलांना मधे ठेवावे, एवढं टाका," ते म्हणाले. झाल्या तीन ओळी. यातलं एक अक्षर कमी करा असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? अशा रीतीने माझी प्रमुख अतिथीची जागा वाघाने खाल्ली आणि मी विशेष अतिथीत, सगळ्यांच्या शेवटी जाऊन पडलो.

वडशाला माझी तिसरी खेप झाली तेव्हा छापखान्यातल्या मुलीने मान वर केली. हे विशेष होतं.

"अजून खाली?" ती म्हणाली.

"वाघ आला मधात."

"बरं झालं नावावरच भागलं." ती हसली नाही, पण तिने माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. "आता शंभराच्या वर गेले नावं. एका ओळीत तीन-तीन बसवले, तरी एकबी ओळ नाई उरली. आज छापाले टाकाचं का?"

टाका म्हणणार एवढ्यात बाबांचा फोन आला.

"सगळे नावं वाचून दाखव," बाबा म्हणाले. "कोणाचं राह्यलं तं गावात बोंबाबोंब होईन."

मी उभा राहून एकशे सात नावं फोनवर वाचली. शेठनीसुद्धा पेपर खाली ठेवला. बाबा प्रत्येक नावाला "हं" म्हणत होते. रुखमाबाई, हं. लटारूभाऊ, हं. शेवटचं माझं नाव वाचलं, तेव्हाही हं म्हणाले. 

"बाबा? बराबर आहे ना?"

"बराबर आहे." मग थोडं थांबून, अगदी सहज विचारल्यासारखं, "माहं कुठी आहे?"

मी यादी पाहिली. वरून खाली पाहिली. खालून वर पाहिली. ट्रॅक्टरवाले होते, मोटारसायकलवाले होते, सरपंचांचा जावई होता, जो त्या दिवशी येणारही नव्हता. माझा बाप नव्हता. त्यांनी दर वर्षी मंडपासाठी आमच्या शेताच्या धुऱ्यावरचे बांबू तोडून दिले होते, आणि त्यांचं नाव घालायचं मलाच सुचलं नव्हतं.

"आता टाकूनच राह्यलो ना, बाबा," मी म्हटलं.

"नसन जागा तं राहू दे. मी काई म्हणत नाई. मले वाटलं होतं, पोरगा सचिव आहे, सांगाची गरज नाई." आणि त्यांनी फोन ठेवला.

मला फार लाज वाटली. एवढी लाज अकराही स्थळं जाताना वाटली नव्हती.

"विशेष अतिथीतलं शेवटचं नाव काढा," मी त्या मुलीला सांगितलं. "तिथी गुणवंतराव दोनाडकर टाका. प्रगतशील शेतकरी."

"शेवटचं तं तुमचं आहे."

"तेच काढा."

"दुसऱ्या कोणाचं काढा ना. हा जावई काढू?"

"दुसऱ्या कोणाचंबी काढलं तं मले गावात पाय ठेवता येणार नाई. माहं काढलं तं कोणालेच समजणार नाई."

तिने माझं नाव खोडून तिथे बाबांचं टाईप केलं. माझी गाडी यायची वेळ झाली होती, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. शेवटचा कागद न बघताच मी स्टेशनकडे पळालो. ही दुसरी चूक. ही मात्र माझी होती.

पाम्प्लेटांचे गठ्ठे बसने गावात पोचले आणि दोन दिवस सगळं गाव सुखात होतं. झिंगूभाऊंनी एक काचेत मढवून घेतलं. बाबांनी एक घडी करून खिशात ठेवलं आणि जो भेटेल त्याला वेळ विचारायच्या निमित्ताने खिशातून काढून दाखवलं. पाम्प्लेटवर तारीखच नाही हे गावात एकालाही दिसलं नाही, कारण प्रत्येकाने आपलं नाव वाचलं, शेजाऱ्याचं कितवं आहे ते पाहिलं, आणि तिथेच वाचन संपवलं.

तिसऱ्या दिवशी मी पट्ट्याजवळ उभा असताना फोन वाजला.

"राजदीप दोनाडकर बोलते का? मी आरमोरीहून बोलून राह्यलो. तुमचं नाटक कवा आहे?"

"एकोणीसले. पाम्प्लेटवर आहे ना."

"पाम्प्लेटच हातात आहे. तारीख नाई त्याच्यावर."

"असं कसं? आन माहा नंबर तुमाले कोण देल्ला?"

"खालीच तं आहे. 'संपर्क, राजदीप गुणवंतराव दोनाडकर', आन नंबर. बाकी एवढे लोक टाकले भाऊ तुमी, एक तारीख नोती का टाकता येत?"

मी गावाकडून फोटो मागवला. खरंच. विशेष अतिथींच्या खाली, मी स्वतः काढायला लावलेलं माझं नाव ठळक अक्षरात उभं होतं, आणि वरती जिथे तारीख नि वेळ असायला हवी तिथे नाटकाच्या नि गावाच्या नावानंतर थेट जलपूजन सुरू होत होतं.

पुन्हा छापायचं तर लटारूभाऊ ऐकेनात. छापखान्यांना आठ दिवस सवड नव्हती, आणि त्यातून नवीन पाम्प्लेट म्हटलं की नावांचा क्रम पुन्हा लागणार, या भीतीने त्यांना घाम फुटला. "तुह्या नावानं फोन येते तं तूच सांग सगळ्यायले," त्यांनी निकाल दिला.

फोन आले. सकाळी आले, जेवताना आले, अंघोळीला बसलो की हटकून आले. कोणी नाटक कवा विचारलं, कोणी कंपनी कोणती विचारलं, एका म्हातारीने मी कोणत्या दोनाडकरांपैकी हे अर्धा तास विचारलं आणि शेवटी आमचं दूरचं नातं काढूनच ठेवलं. एकाने पुढच्या वर्षीच्या जलपूजनासाठी आत्ताच नाव लावलं. सुपरवायझरनी दम दिला, "तू पट्टा पाहून राह्यला का नाटक कंपनी चालवून राह्यला?" घसा बसला. बोलणं तिरकस होत गेलं. मी मूळचा शांत माणूस आहे, हे कोणालाही विचारा.

आणि त्याच तिरकसपणात एक फोन आला. पाळी नुकतीच संपली होती.

"नाटक नक्की केव्हा आहे, हे सांगाल का?"

"काकाजी," मी म्हणालो, "असं करा, घरी पंचांग असन तं काढा. जो दिवस तुमाले बरा वाटन त्या दिवशी या. आमी त्या दिवशी नाटक ठेवून टाकतो."

तिकडून कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला. मग सावकाश, फळ्यावर लिहावं तसे शब्द आले. "मी नागभीडहून खुशालराव बोलतो आहे. तुम्ही गुणवंतरावांचे चिरंजीव ना?"

मी हो म्हटलं असावं.

"मी पाम्प्लेट पाहून माणूस ओळखतो. तुमच्या पाम्प्लेटवर तुमचं नाव सगळ्यात शेवटी आहे, तारीख कुठंच नाही, आणि जलपूजन हा प्रकार मी तीस वर्षांत पाहिलेला नाही. नमस्कार."

बारावं स्थळ पोहे न खाता गेलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. "पोहे वाचले," एवढंच म्हणाले, आणि खिशातलं पाम्प्लेट काढून पुन्हा एकदा वाचलं. त्यांचं वाईट वाटणं मला दिसत होतं. माझं त्यांना दिसत असणार.

शेवटचे दोन दिवस मी सुट्टी टाकून ऑटोत बसलो. वर कर्णा, हातात माईक. "ऐका हो ऐका, हळदटोल्याचं नाटक एकोणीस तारखेले, रोज रविवार." प्रत्येक गावच्या चौकात पोरं ओरडत, "तारीखवाला भाऊ आला." लोक मुद्दाम घराबाहेर येऊन मला बघत. कोणी पाणी द्यायचं, कोणी चहा द्यायचं, आणि सगळे न चुकता एकच विचारायचे, की एवढी नावं बसवली कशी.

नाटकाला मात्र अशी गर्दी झाली की मंडपाच्या कनाती सोडाव्या लागल्या. पाम्प्लेटवर तारीख असती तर एवढे लोक आले नसते, कारण मग कोणी कोणाला काही विचारलं नसतं. लोक घोळक्याने आले, टॉर्च घेऊन आले आणि घोळक्याने गेले. लटारूभाऊंनी रंगमंचावरून सगळ्यांचे आभार मानले, एकशे सातही जणांचे, नाव घेऊन. माझं घ्यायचं राहून गेलं.

आठवडाभराने मी वडशाला गेलो तो फक्त भांडायला. वाक्यं तयार होती. पाम्प्लेट हातात होतं. शेठ जेवायला घरी गेले होते आणि ती मुलगी एकटीच कुठल्याशा गावचे विशेष अतिथी टाईप करत होती.

"तारीख कोण काढली?" मी विचारलं.

"मी काढली." तिने लपवाछपवी केली नाही.

"काऊन?"

"तुमचं नाव टाकाले एक ओळ पायजे होती. माणसायच्या ओळीले हात लावला असता तं तुमाले गावात पाय ठेवता आला नसता, तुमीच म्हणले. मंग तारखेचीच ओळ उरली. ते काई भांडाले येत नाई." ती खुर्ची वळवून बसली. "सहा वर्षं झाली हेच टाईप करून राह्यली मी. सगळे लोक येते ते आपलं नाव वर न्याले येते. तुमी पहिल्या खेपेले आपला हुद्दा काढला, मंग दोन खेपा आपलं नाव खाली नेलं, आन शेवटी काढूनच टाकलं. मले नाई बरं वाटलं. तारीख तं साऱ्या गावाले माहीत रायते. तुमचं नाव कोणाले माहीत नोतं."

तयार वाक्यांपैकी एकच बाहेर आलं.

"तुमच्या पायी माहं स्थळ गेलं," मी म्हणालो. ते जेवढं रागाने म्हणायचं होतं तेवढं निघालं नाही.

"माहीत आहे. तुमच्या गावचे झिंगूभाऊ आले होते, काचेत मढवाले आणखी दोन पाम्प्लेट मागून राह्यले होते. ते सांगतले." ती खाली पाहू लागली. "ते चुकलंच माहं. शेठ पण बोलले. पुढच्या सीझनले ठेवते का नाई माहीत नाई. मी बी पर्मनंट नाई इथी."

हातातलं पाम्प्लेट मी उगाच उलगडलं. माझ्या नावाखाली, कागदाच्या अगदी काठाला, मुंगीएवढ्या अक्षरात आणखी एक ओळ होती. अक्षरजुळणी, दिव्यानी. एवढ्या दिवसांत ती मी वाचली नव्हती. मीही आपलंच नाव वाचत होतो.

"आता काय छापाचं आहे मंग?" तिने विचारलं.

"पत्रिका."

"कायची?"

"लग्नाची."

"जमलं का दुसरीकडे?"

"अजून इचारलं नाई."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग काहीतरी करायला हवं म्हणून कॉम्प्युटरवर नवं पान उघडलं. "नावं किती आहे?"

"दोन."

"एक मले पाठ आहे. नंबरासकट." बोटं थांबली. "दुसरं?"

"पाम्प्लेटवर आहे. एकदम शेवटी, माह्या नावाखाली. भिंग लागते."

 बाहेर कोणीतरी उद्घाटकाचं नाव बदलायला आलं होतं, त्याला तिने थोडं थांबायला सांगितलं. मग पुन्हा पडद्याकडे वळून म्हणाली, "आन तारीख?"

"ते तुमी टाका," मी म्हटलं.

आम्ही तिच्या घरी गेलो, आणि तिच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलंच, पोरगा पर्मनंट आहे का. तेव्हा आतून दिव्यानीच म्हणाली, "मी तरी कुठी आहो, बाबा?" आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांच्या घरचे पोहे मी संपवून उठलो. लग्न वैशाखात आहे. दोनच नावांची पत्रिका काढायचं आम्ही ठरवलं होतं, पण रुखमाबाईंना कळलं, मग लटारूभाऊंना कळलं, आणि सध्या शहाण्णव नावं झाली आहेत. झिंगूभाऊ जलपूजन मागताहेत. बाबांचं नाव सगळ्यात वर आहे, ते मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं. तारीखही आहे. तिच्याभोवती दिव्यानीने जाड चौकट काढली आहे आणि मला बजावून ठेवलं आहे की उद्या स्वतः वाघ आला तरी ही ओळ द्यायची नाही.